रॅली२ गाडीच्या दोन दिवसांसाठी आठ आठवडे : नागपूरच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

आज पक्कं झालं. ७ आणि ८ डिसेंबरला कर्नाटकातल्या चिकमगळूरजवळच्या एका कॉफी मळ्यातल्या खासगी मातीच्या रस्त्यावर मला मोटार रॅलीच्या शर्यतीतली रॅली२ वर्गाची गाडी दोन दिवस चालवायला मिळणार. भाडं बाबांच्या एका मित्राने भरलंय. आकडा लिहू नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही. बाकी पै न् पै लिहीन.

मी तीन हंगाम १६०० सीसीची साधी हॅचबॅक चालवतोय. ताकद पुढच्या चाकांना, टर्बो नाही, गिअर रस्त्यावरच्या गाडीसारखा. रॅली२ म्हणजे १.६ लिटर टर्बो इंजिन, त्याच्या तोंडाशी हवा अडवणारा ३२ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, चारही चाकांना ताकद, पाच गिअरचा सिक्वेन्शियल (दांडा पुढे-मागे केला की एकेक गिअर बदलतो), किमान वजन १,२३० किलो. याच वर्गाला आधी आर५ म्हणायचे. भारतीय रॅलीचालक गौरव गिलने २०१६ आणि २०१७ ची आशिया-पॅसिफिक रॅली विजेतेपदं आर५ गाडीतूनच जिंकली. याच्या वर फक्त जागतिक स्पर्धेतली रॅली१. माझ्यासाठी हेच शिखर आहे.

नागपुरात अशा गाडीत बसलेला माणूस शोधून सापडला नाही. विदर्भातल्या पुढच्या मुलाला शून्यापासून सुरुवात करावी लागू नये, म्हणून ही वही.

१५ ऑक्टोबर

गाडी देणाऱ्या संघाच्या अभियंत्यांशी फोनवर अर्धा तास बोललो. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. ब्रेकला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाही, पेडल दगडासारखं लागेल, ४० किलोचा दाब धरून चल. क्लच फक्त जागेवरून निघताना, म्हणजे डावा पाय कायम ब्रेकवर. गिअर वर न्यायला दांडा मागे ओढायचा, खाली आणायला पुढे ढकलायचा.

तिसरी गोष्ट सोपी वाटली, पण तीच सगळ्यात घातक आहे हे रात्री लक्षात आलं. माझ्या गाडीत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हात पुढे जातो. तीन वर्षांची सवय. नव्या गाडीत तोच हात तिसऱ्याऐवजी पहिला गिअर टाकेल.

१९ ऑक्टोबर, रविवार

सराव-सांगाडा उभा केला. वाडीच्या भंगारातून चौकोनी पाइप आणि एक जुनी सीट आणली, मिस्त्रीकाकांनी वेल्डिंग केलं. लोखंड आणि मजुरी मिळून ५,७००. ब्रेकच्या पेडलमागे २०० किलोचा लोडसेल (दाब मोजणारा सेन्सर), त्याला एचएक्स७११ची पट्टी (सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणारी) आणि आर्डुइनो (छोटा संगणक-बोर्ड) जोडला. समोरच्या छोट्या पडद्यावर दाब किलोत दिसतो. सीताबर्डीतून आणलेलं हे सामान २,६५० रुपयांचं.

पहिल्याच दिवशी डावा पाय किती अडाणी आहे ते कळलं. त्याला दोनच गोष्टी येतात: पूर्ण दाबणं आणि पूर्ण सोडणं. १५ किलोवर धरायचं ठरवलं तर आकडा ३ वर, लगेच ५२ वर. मिस्त्रीकाका बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "अबे, हा पाय अजून क्लचच दाबून राहिला." नेमकं तेच होतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

नेव्हिगेटर (शेजारी बसून पुढची वळणं वाचून सांगणारी) म्हणून ताईच येणार हे आज ठरलं. ती तीन वर्षं माझ्या शेजारी बसतेय. शाळेत शिकवते, म्हणून सरावाला शनिवार-रविवारच. ओवाळणीत तिने पैसे घेतले नाहीत, हेल्मेटचा माइक बदलून मागितला. मागच्या रॅलीत खरखरीमुळे तिचे दोन कॉल मला ऐकूच आले नव्हते. नवा माइक ३,१००.

२५ ऑक्टोबर

सहा दिवसांचा सराव वाया गेला. कारण लिहून ठेवतो, कारण ही चूक कुणाचीही होईल.

पेडलखाली मी मऊ स्प्रिंग लावली होती. ती चार इंच दबायची, आणि पाय शिकला तो अंतर मोजायला. इथपर्यंत गेलं की १५ किलो, तिथपर्यंत गेलं की ३०. बूस्टर नसलेल्या ब्रेकचं पेडल जेमतेम हलतं. तिथे अंतर मोजून काही उपयोग नाही, पायाला दाबच कळला पाहिजे. स्प्रिंग काढली आणि जुन्या स्कूटरच्या इंजिनखालचे दोन रबर एकावर एक बसवले. आता पेडल अर्धा इंचसुद्धा जात नाही. पहिल्या तासात पोटरी दुखायला लागली. मोजे घालून सराव केला तर दाब जास्त नीट कळतो. जाड तळाचे बूट टाळा.

गिअरचा दांडा: २०० वेळा बदलले, ३१ चुका. त्यातल्या २७ दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाच्या.

२ नोव्हेंबर, रविवार

आता खऱ्या मातीवर. सार्वजनिक रस्त्यावर हा सराव करायचा नाही, हा घरचा कडक नियम आहे. काटोलच्या बाजूला काकांची संत्र्याची बाग आहे. तिच्या कडेने बैलगाडीचा जुना रस्ता आणि शेजारी पडीक शेत, सगळं मिळून दीड किलोमीटरचा फेरा होतो.

बारा फेऱ्या झाल्या आणि काका धावत आले. आंबिया बहाराची तोड सुरू आहे, आणि गाडीची धूळ थेट झाडांवर चालली होती. पानांवर धूळ बसली की लाल कोळी या किडीला ऊत येतो, ही त्यांची रास्त तक्रार. ते म्हणाले, "पोट्ट्या, रस्ता भिजवून चालव, नाही तर चालवू नको." बरोबर आहे त्यांचं. वर्षभराचं पीक आहे.

८ नोव्हेंबर आणि पुढचे दिवस

टँकरने पाणी मारलं. एका टँकरला ८०० रुपये, दोन मारले. परिणाम असा की काळ्या मातीचा रस्ता साबण झाला. गाडी पहिल्याच वळणावर पुढच्या चाकांनी सरळ निघून गेली आणि धुऱ्यात रुतली. चाकांच्या कमानीत माती एवढी भरली की स्टिअरिंग फिरेना. ट्रॅक्टरने ओढून काढली. खुरपीने माती काढण्यात दोन तास गेले. रविवारही गेला, कारण रस्ता सुकला नाही.

इथल्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं. धूळ थांबवायची म्हणून पाणी मारायचं, पण काळ्या मातीत पाणी मुरण्याआधी वर लोणी तयार होतं. मग वळणांच्या जागी मुरूम टाकला. दोन ट्रॉल्या, ५,०००. त्यावर हलकं पाणी, एकच टँकर. मुरूम दाबला गेला, धूळ बसली, आणि काकांनी स्वतः एक फेरा बसून बघितला. शिवाय मुरमावर पकड तुटते ती एका अंदाजाने तुटते, काळ्या मातीसारखी अचानक नाही. चिकमगळूरच्या लाल मातीच्या जास्त जवळचं हेच निघालं.

१२ नोव्हेंबर

माझ्या गाडीचं ब्रेक पेडल बूस्टरमुळे फार हलकं. सांगाड्यावर शिकलेला पाय त्यावर गेला की चाकं जाम. उपाय म्हणून बूस्टरची व्हॅक्यूम नळी काढली, पेडल कडक झालं. पण इंजिनच्या बाजूचं उघडं तोंड मी बंद केलं नाही. तिथून हवा आत गेली, आयडल (उभ्या गाडीत इंजिनचे मिनिटाचे फेरे) कधी दोन हजारावर तर कधी गाडी बंद. तासभर प्लग आणि कॉइल तपासत बसलो. मिस्त्रीकाकांनी येऊन त्या तोंडावर रबरी बूच बसवलं, पाच मिनिटांत गाडी सरळ.

हे फक्त बंद शेतात करायचं. बागेच्या फाटकाबाहेर पडण्याआधी नळी परत जोडायची आणि जागेवर तीनदा ब्रेक दाबून बघायचा. आम्ही फाटकाच्या खांबावर खडूने "नळी" असं लिहून ठेवलंय.

१५-१६ नोव्हेंबर

माझ्या मते या सगळ्या वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच.

ताई मला वाचून दाखवते त्या वळणांच्या नोट्स एक ते सहा अशा आहेत. एक म्हणजे सगळ्यात घट्ट वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. शनिवारी ताई जुन्या वह्या चाळत होती. तिने विचारलं, "तू 'तीन' म्हणतोस तेव्हा नेमकं काय बघून म्हणतोस?" मी उत्तर द्यायला गेलो आणि थांबलो. मी वळण बघून आकडा देतच नव्हतो. माझ्या गाडीत ते वळण कोणत्या गिअरमध्ये जातं, तो माझा आकडा होता. तिसऱ्यात गेलं की "तीन".

म्हणजे गाडी बदलली की अख्खी भाषा बदलली. रॅली२चे गिअर एकमेकांच्या जवळचे, पकड वेगळी, ताकद वेगळी. त्या गाडीत तेच वळण कोणत्या गिअरमध्ये जाईल हे मला माहीतच नाही. आणि नोट्स लिहायच्या त्या रेकीच्या (रस्ता आधी बघून घेण्याच्या) साध्या गाडीतून, हळू चालवत. आकडा वळणाच्या आकाराचा हवा, गाडीचा नको.

म्हणून रविवारी पडीक शेतात वर्तुळं आखली. मधोमध पहार ठोकली, तिला नायलॉनची दोरी बांधली आणि दुसऱ्या टोकाने फक्की टाकत गेलो, मैदान आखतात तशी. त्रिज्या १०, १५, २५, ४०, ६० आणि १०० मीटर. मोठ्या वर्तुळांचा फक्त तुकडाच बसला, तेवढा पुरतो. दोरी आणि फक्की मिळून ६४० रुपये.

स्टिअरिंगच्या माथ्यावर पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवली. मग चालायच्या वेगाने चाक फक्कीच्या रेघेवर ठेवून गाडी फिरवली. पट्टी जिथे स्थिर झाली तिथे मागच्या पॅनलवर ताईने पेनाने खूण केली. १५ मीटरला स्टिअरिंग साधारण १४० अंश फिरलं, २५ ला ८५, ४० ला ५५, ६० ला ३५. या खुणा म्हणजे आमचे दोन, तीन, चार, पाच. १० मीटर म्हणजे एक, १०० म्हणजे सहा. आता रेकीत डोळ्याने अंदाज करायचा नाही. वळणाच्या मध्यावर पट्टी कुठे आहे ते बघायचं आणि आकडा बोलायचा.

संध्याकाळी त्याच बागेच्या फेऱ्याच्या नव्या नोट्स लिहिल्या. तेवीस वळणं, त्यातल्या नऊंचा आकडा बदलला. या फेऱ्यावर मी शेकडो वेळा गाडी चालवली आहे. ताईने जुनी वही पिशवीत टाकली आणि नवीच्या पहिल्या पानावर वर्तुळांचा तक्ता काढला.

२३ नोव्हेंबर

ताईचा वेग. आतापर्यंत ती एक वळण पुढचं वाचायची. नव्या गाडीत तेवढं पुरणार नाही. मागच्या रॅलीतला आमचाच गाडीतला व्हिडिओ सव्वापट वेगाने लावला आणि ती त्यावर वाचत गेली. पहिल्यांदा सहाव्या वळणापर्यंतच टिकली. दुपारपर्यंत लय सापडली. तिला आढळलं की वेगाने वाचून भागत नाही, शब्द कमी करावे लागतात. "थोडं लांब आहे" याच्या जागी नुसतं "लांब". "इथे आत कापू नको" याच्या जागी "नको".

गिअर: २०० पैकी ४ चुका. ब्रेक: डोळे मिटून १५ किलो मागितले तर १३ ते १७ मध्ये येतं.

एक गोष्ट मनात येते. जुलैत स्वीडनचा रॅलीचालक ऑलिव्हर सोलबर्ग वर्षभर रॅली२ चालवत असताना एस्टोनियात रॅली१मध्ये बसला आणि ती रॅली जिंकला. दुसरीकडे फिनलंडचा काल्ले रोवानपेरा, २२ व्या वर्षी जगज्जेता झालेला आणि दोनदा किताब मिळवलेला, यंदा नवे हॅन्कूक टायर आल्यावर सुरुवातीच्या रॅलींत चाचपडला. एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवर डांबरी रस्त्यावर त्याला यंदाचा पहिला विजय मिळाला. गाडीशी जुळणं त्या दर्जाच्या माणसालाही आपोआप मिळत नाही, याचा मला मोठा आधार वाटतो.

६ डिसेंबर

नागपूरहून रेल्वेने बंगळूर, पुढे बसने चिकमगळूर. दोघांचा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च १४,३००. मळ्यात अरेबिकाची तोड चालू आहे, वाळवणाच्या अंगणात कॉफीच्या फळांचे थर. ४.२ किलोमीटरचा रस्ता, लाल माती, दोन्ही बाजूंना सिल्व्हर ओकची झाडं अगदी कडेला. दुपारी संघाने दिलेल्या रेकीच्या गाडीतून दोन फेऱ्या करून नोट्स लिहिल्या.

७ डिसेंबर, पहिला दिवस

पेडल अगदी तसंच, दगड. पाय तयार होता. त्या एका गोष्टीसाठी तरी आठ आठवडे कामी आले.

पण वेळ लागला ३ मिनिटं ४१ सेकंद. संघाच्या चालकाची वेळ २:५८.

पहिली अडचण इंजिनची. माझ्या जुन्या गाडीत ताकद इंजिनच्या वरच्या आरपीएमला मिळते, म्हणून मी प्रत्येक गिअर शेवटपर्यंत ताणत होतो. रिस्ट्रिक्टरमुळे इथे वर हवाच अपुरी पडते, ताकद मधल्या टप्प्यात आहे. "लवकर ओढ," एवढंच अभियंत्यांनी सांगितलं. दुसऱ्या फेरीत ३:३१. दुसरी अडचण खड्ड्यांची. प्रत्येक नाल्यासारख्या चरीआधी मी पाय काढत होतो, जुन्या गाडीत काढावाच लागायचा. या सस्पेन्शनला तेवढी चर जाणवतसुद्धा नाही. ३:२७.

गिअरचा हात दिवसभरात एकदाच चुकला. तिसऱ्याच्या जागी पहिला पडला, मागचा भाग सुटला आणि गाडी आडवी होऊन थांबली. कशाला लागलं नाही.

त्यानंतर वेळ हलेना. ३:२६, ३:२७, ३:२६. प्रत्येक वळणात मी लवकर ब्रेक मारत होतो, आणि वळणात शिरल्यावर रस्ता नोट्सपेक्षा मोकळा निघत होता. दुपारी जेवताना ताई म्हणाली, "मी 'तीन' वाचते आणि तू चारसारखं जाऊन राहिला. प्रत्येक वेळी. हे तुझं नाही, आकड्याचं आहे."

मग लक्षात आलं. आमच्या खुणा आमच्या हॅचबॅकच्या स्टिअरिंगच्या होत्या. इथली रेकीची गाडी लांब, तिचं स्टिअरिंग त्याच वळणाला जास्त फिरतं. २५ मीटरच्या वळणाला आमच्याकडे ८५ अंश, इथे शंभराच्या वर. पट्टी पुढे जात होती, म्हणून मी प्रत्येक वळण खऱ्यापेक्षा घट्ट लिहिलं होतं. गिअरपासून आकडा सोडवला, पण तो पुन्हा दुसऱ्या एका गाडीला बांधून ठेवला. अर्धा दिवस यात गेला, आणि या गाडीचा अर्धा दिवस फार महाग असतो.

वाळवणाचं अंगण भरलेलं, म्हणून गावच्या मैदानावर गेलो. दोरी नागपूरलाच राहिली होती. बाजारातून ३० मीटर दोरी घेतली. फक्की मिळाली नाही, ताई रांगोळीची दोन पाकिटं घेऊन आली. ताईने १५ आणि २५ ची वर्तुळं आखली, पोरं खेळ थांबवून बघत उभी राहिली. दोनच वर्तुळांवरून फरक किती ते कळलं, साधारण सव्वापट. बाकीच्या खुणा त्या हिशेबाने सरकवल्या.

८ डिसेंबर, दुसरा दिवस

सकाळी साडेसहाला परवानगी काढून रेकीची एक फेरी. एकेचाळीस वळणांपैकी बावीस आकडे बदलले, बहुतेक एकाने वर.

पहिली वेळ ३:१९. कालच्यापेक्षा सात सेकंद कमी. ब्रेकचा दाब बदलला नाही, गिअर बदलले नाहीत, बदलले ते वहीतले आकडे. दुपारी अखेरची वेळ ३:१४. एका उतारावर, जिथे ताईचा "पाच, लांब, नको" हा कॉल येतो, तिथे मी पहिल्यांदा ब्रेकवर डावा पाय आणि ॲक्सिलरेटरवर उजवा, दोन्ही एकाच वेळी ठेवले. गाडी नाकाने आत वळली आणि चारही चाकांनी बाहेर ओढली. तेवढा एक क्षण गाडी आणि मी एकच गोष्ट करत होतो. थांबल्यावर हात थरथरत होते, ताईने काही न बोलता पाण्याची बाटली दिली.

संध्याकाळी अभियंत्यांनी आलेख दाखवला. सरळ रस्त्यावर, पूर्ण ॲक्सिलरेटर असतानाही, माझ्या डाव्या पायाचा ३-४ किलो दाब ब्रेकवर राहतो. मला त्याची जाणीवच नव्हती. डिस्क तापतात आणि वेग मरतो. उरलेल्या १६ सेकंदांतले किती त्यात आहेत हे सांगता येत नाही, पण आहेत हे नक्की.

१४ डिसेंबर, नागपूर

खर्चाची बेरीज. आधी न लिहिलेले दोन आकडे: वापरलेल्या टायरचा संच २२,०००, ब्रेक पॅडचे दोन संच ६,४००. सगळं मिळून ६२,१९०, चिकमगळूरची दोरी आणि रांगोळी सोडून. त्यातले पहिले दोन टँकर टाळता आले असते. मुरूम आधी टाकायला हवा होता.

पुन्हा करायचं झालं तर दोरी आणि फक्की बॅगेत सगळ्यात आधी, आणि रेकीची गाडी हातात आली की नोट्सचं पान उघडण्याआधी वर्तुळं.

आज सांगाड्यावर ॲक्सिलरेटरखाली एक स्विच बसवला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना डाव्या पायाचा दाब २ किलोच्या वर गेला की बझर वाजतो. पहिल्या वीस मिनिटांत ४१ वेळा वाजला. मिस्त्रीकाकांनी डाव्या पायाच्या टाचेखाली लाकडाची पाचर ठेवून बघितली. टाच टेकली की पोटरी सैल पडते. शेवटच्या वीस मिनिटांत १९ वेळा. उद्या पाचर अर्धा इंच उंच करून बघणार.